चारित्र्य पडताळणी : मैदानावरच्या एका कागदाचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. यात लढाया नाहीत, तह नाहीत, राजे नाहीत. एक कागद आहे. जो प्रौढ माणूस मुलांना खेळ शिकवणार, मग तो पोहण्याचा कोच असो, कबड्डीचा मार्गदर्शक असो किंवा व्यायामशाळेची किल्ली सांभाळणारा शिपाई असो, त्याची आधी चौकशी झाली आहे असे सांगणारा कागद. आपल्याकडे पोलिसांकडून मिळणाऱ्या अशा दाखल्याला ‘चारित्र्य पडताळणी’ म्हणतात. इंग्लंडमध्ये ‘डीबीएस चेक’ म्हणतात. तिथे स्थानिक फुटबॉल क्लबात शनिवारी सकाळी फुकट शिकवणाऱ्या काकांनाही तो बहुधा काढावा लागतो.

हा कागद आला कुठून, आणि तो खरोखर सांगतो काय, हे आज पाहायचे आहे. आमचे आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेले, त्यामुळे शब्दापाशी थांबायची खोड जात नाही. ‘चारित्र्य पडताळणी’ हा शब्द घ्या. चारित्र्य म्हणजे माणूस कसा आहे ते. पण पडताळतात काय? नोंद. या व्यक्तीविरुद्ध आमच्या दप्तरी गुन्हा दाखल आहे की नाही, एवढेच. माणूस कसा आहे आणि त्याच्याबद्दल कोणी काय लिहून ठेवले आहे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंमधले अंतर हाच आजचा विषय आहे, असे समजा.

आधी कागद नव्हता तेव्हाचे पाहू. तेव्हा ओळख होती. आपल्या गावच्या तालमीत वस्ताद कोण, तो कोणाचा मुलगा, कोणाच्या हाताखाली तयार झाला, हे सगळ्यांना ठाऊक असे. इंग्लंडमध्येही फार निराळे नव्हते. तिथले क्लब स्वयंसेवकांवर चालत. जो वेळ देतो, घाम गाळतो, पैसे मागत नाही, त्याला प्रश्न विचारणे हेच असभ्यपणाचे वाटे. ही ओळखीची व्यवस्था वाईट होती असे आम्ही म्हणणार नाही. पण तिच्यात एक मोठी खोट होती. ज्याला सगळे ओळखतात, त्याच्याविरुद्ध बोलायला कोणी धजत नाही. आणि पोर बोललेच, तर घरचेच त्याला म्हणतात, ‘सरांबद्दल असं बोलतात का?’

या व्यवस्थेला ब्रिटनमध्ये पहिला मोठा हादरा बसला तो १९९५ साली. पॉल हिक्सन हा पोहण्याचा नामांकित प्रशिक्षक. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तो ब्रिटिश जलतरण संघाबरोबर होता. त्याने आपल्या हाताखालच्या किशोरवयीन मुलींवर अत्याचार केल्याचे न्यायालयात सिद्ध झाले आणि १९९५ मध्ये त्याला १७ वर्षांची शिक्षा झाली. आता पाहा, हा माणूस गल्लीतला कोणी अनोळखी नव्हता. देशाने त्याला ऑलिंपिकला पाठवले होते. म्हणजे ‘मोठा कोच आहे, त्याची चौकशी काय करायची?’ हा युक्तिवादच या खटल्याने मोडून काढला.

त्याच सुमारास फुटबॉलमध्ये बॅरी बेनेल नावाचा प्रशिक्षक होता. लहान मुलांमधली गुणवत्ता हेरण्यात त्याचा हातखंडा, असे लोक म्हणत. क्रू अलेक्झांड्रा या क्लबात त्याने मुले घडवली, मँचेस्टर सिटीशीही त्याचा संबंध होता. १९९४ मध्ये मुलांचा संघ घेऊन तो अमेरिकेत गेला आणि फ्लोरिडात पकडला गेला. तिथे त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. मग १९९८ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने नऊ वर्षांची दिली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आता १९९६ कडे वळू. इथली घटना जराशी निराळी आहे, पण आपल्या कागदाचा पाया तिथेच घातला गेला. १३ मार्च १९९६. स्कॉटलंडमधले डनब्लेन गाव. थॉमस हॅमिल्टन नावाचा माणूस प्राथमिक शाळेच्या व्यायामगृहात शिरला आणि त्याने गोळ्या झाडून १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका यांना ठार मारले. नंतर स्वतःलाही संपवले. जगाला हा प्रसंग बंदुकीच्या कायद्यासाठी आठवतो. पण हॅमिल्टन होता कोण? शाळांची सभागृहे भाड्याने घेऊन मुलग्यांचे क्लब चालवणारा. तिथे कसरती चालत, खेळ चालत. १९७४ मध्येच स्काउट संघटनेने त्याच्या वागण्यामुळे त्याला काढून टाकले होते. पालकांच्या तक्रारी होत्या. पोलिसांनी चौकशा केल्या होत्या, पण खटला कधी उभा राहिला नाही. स्थानिक प्रशासनाने एकदा त्याला सभागृह देणे बंद केले, तर तो लोकपालाकडे गेला, आणि १९८४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला.

यावर थोडे थांबूया. लोकपाल मूर्ख होता का? नाही. त्याच्यापुढे प्रश्न असा होता की, केवळ कुजबुजीवरून एखाद्या नागरिकाला सार्वजनिक सभागृह नाकारता येते का? न्यायाच्या साध्या नियमाने उत्तर ‘नाही’ असेच येते. पण पालकांच्या मनातला प्रश्न निराळा होता. या माणसाच्या हाती माझे मूल सोपवू का? पहिल्या प्रश्नात पुराव्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर आहे. दुसऱ्या प्रश्नात ती विश्वास मागणाऱ्यावर आहे. हे दोन प्रश्न एकच आहेत असे समजल्याने फार घोटाळा झालेला आहे, आजही होतो.

डनब्लेनच्या चौकशीचे काम लॉर्ड कलन यांच्याकडे होते. त्यांचा अहवाल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. त्यात बंदुकांबरोबरच एक शिफारस अशी होती की, १६ वर्षांखालची मुले जिथे स्वखुशीने जातात अशा क्लबांना एखाद्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता घेण्याची व्यवस्था असावी, आणि देखरेखीशिवाय ज्यांचा मुलांशी बराच संपर्क येतो त्या माणसांची योग्यता तपासली जावी. खेळातल्या पडताळणीची कल्पना इतक्या स्पष्ट शब्दांत सरकारी अहवालात येणे ही मोठी गोष्ट होती. पुढे १९९७ च्या पोलीस कायद्यात वेगवेगळ्या पातळ्यांच्या दाखल्यांची तरतूद झाली. २००१ मध्ये एनएसपीसीसी या बालरक्षण संस्थेने स्पोर्ट इंग्लंडबरोबर खेळातील बालसंरक्षणासाठी खास विभाग काढला. आणि मार्च २००२ मध्ये गुन्हे नोंदींचे कार्यालय, म्हणजे सीआरबी, सुरू झाले.

कागद तयार झाला. आणि पाचच महिन्यांत तो किती तोकडा पडू शकतो तेही दिसले. ऑगस्ट २००२ मध्ये सोहम या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली हा तिथल्या माध्यमिक शाळेत काळजीवाहू म्हणून नोकरीला होता. त्याची नेमणूक झाली होती २००१ च्या अखेरीस, जुन्या पद्धतीने, स्थानिक पोलिसांकडे चौकशी करून. त्याने अर्ज निराळ्या आडनावाने केला होता, पूर्वीचे नावही कळवले होते, पण त्या नावाची तपासणी नीट झालीच नाही. आणि मुख्य म्हणजे, तो आधी जिथे राहत होता त्या हंबरसाइड भागात १९९५ ते १९९९ या काळात त्याच्यावर एकामागून एक लैंगिक गुन्ह्यांचे आरोप आले होते. एकातही दोष सिद्ध झाला नव्हता. प्रत्येक तक्रार स्वतंत्रपणे आली, स्वतंत्रपणे मिटली. त्या कोणी एका ओळीत मांडल्या नाहीत. सर मायकेल बिचर्ड यांचा अहवाल जून २००४ मध्ये आला, आणि त्याने नेमके यावरच बोट ठेवले. माहिती नव्हती असे नाही. ती जपून ठेवली नव्हती आणि जोडून पाहिली नव्हती.

मग इंग्रजांनी काय केले? लंबक दुसऱ्या टोकाला नेला. २००६ मध्ये असा कायदा आला की, मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येकाची सरकारदरबारी नोंदणी व्हावी. त्यात एक कोटीहून अधिक लोक सापडतील असा अंदाज निघाला. म्हणजे कामकरी प्रौढांपैकी केवढा मोठा भाग, कल्पना करा! २००९ मध्ये फिलिप पुलमन यांच्यासारख्या बालसाहित्यिकांनी जाहीर सांगितले की, शाळेत पुस्तक वाचून दाखवायला जाण्यासाठी आम्ही अशी नोंदणी करणार नाही. त्यांचे म्हणणे होते की, या कायद्याने प्रत्येक मोठ्या माणसाकडे आधी संशयाने पाहायला मुलांना शिकवले जाईल. पुढे सरकार बदलले, व्याप्ती कमी केली गेली, आणि डिसेंबर २०१२ मध्ये दोन कार्यालये एक करून आजचे डीबीएस आले.

त्याच २००९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. न्यायालयाने त्या बाईंना फक्त ‘एल’ म्हटले आहे, आपणही तेच म्हणू. त्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचे काम करत. त्यांच्यावर गुन्हा नव्हता. पण आपल्या स्वतःच्या मुलाकडे त्यांनी पूर्वी नीट लक्ष दिले नव्हते अशी माहिती पोलिसांनी दाखल्यात लिहिली, आणि नोकरी गेली. न्यायालयाने त्यांचा अर्ज मान्य केला नाही, पण एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले. मुलांचे रक्षण आणि माणसाचे खासगी आयुष्य यांपैकी कोणालाच आपोआप वरचे स्थान नाही, दोन्ही तोलून पाहायला हवेत, आणि शंका असेल तिथे त्या माणसाला आपली बाजू मांडायची संधी द्यायला हवी. पडताळणीचा आग्रह धरणाऱ्यांनी हे विसरू नये. खोट्या किंवा अर्धवट नोंदीनेही एखाद्याचे आयुष्य उद्ध्वस्त होते, आणि अन्याय करणारी व्यवस्था लोकांच्या मनात फार काळ टिकत नाही.

आता पुन्हा बेनेल. नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड या माजी फुटबॉलपटूने ‘गार्डियन’ वृत्तपत्रातून आपल्या लहानपणी बेनेलने काय केले ते नावानिशी सांगितले. आणि पाहता पाहता इतर खेळाडू पुढे आले. कोणी चाळिशीत, कोणी पन्नाशीत. इतकी वर्षे पोटात ठेवलेले बोलू लागले. २०१८ मध्ये बेनेलला पुन्हा शिक्षा झाली, या वेळी तब्बल ३० वर्षांची. फुटबॉल असोसिएशनने क्लाइव्ह शेल्डन या वकिलांकडे चौकशी सोपवली. त्यांचा अहवाल मार्च २०२१ मध्ये आला. त्यात असे दिसते की, १९९५ च्या खटल्यांनंतर धोका कळूनसुद्धा संघटनेने पुरेशी बालसंरक्षण व्यवस्था उभी करायला २००० सालापर्यंत वेळ लावला. आणि काही क्लबांत अफवा, कुजबुज पोचली होती, तरी त्यावर जे करायला हवे होते ते झाले नाही.

समजा, १९८५ साली बेनेलचा दाखला काढला असता तर काय निघाले असते? कोरा कागद. त्याला कोणी शिक्षा दिली नव्हती, कारण कोणी तक्रार लिहून घेतली नव्हती. अमेरिकेतल्या लॅरी नासरचेही तेच. जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय संघाचा डॉक्टर, मिशिगन स्टेट विद्यापीठात नोकरी, जगभर नाव. मुलींनी १९९० च्या दशकापासून विद्यापीठातल्या मोठ्यांना सांगितले होते. २०१४ मध्ये विद्यापीठाने चौकशी केली आणि त्याला निर्दोष ठरवले. २०१६ मध्ये ‘इंडियानापोलिस स्टार’ने बातमी छापली, तेव्हा कुठे बांध फुटला. जानेवारी २०१८ मध्ये शिक्षा सुनावताना दीडशेहून अधिक मुली-बायका न्यायालयात बोलल्या, आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. २०१६ च्या आदल्या दिवशीपर्यंत त्याचाही कागद कोराच होता.

मंडळी, कोरा कागद दोन कारणांनी कोरा असतो. एक, माणूस चांगला आहे. दोन, ज्यांनी सांगितले त्यांचे कोणी ऐकले नाही. कागदाकडे पाहून या दोहोंत फरक करता येत नाही. आमच्या मते आजच्या इतिहासात शिकण्यासारखे जर काही असेल, तर ते हेच.

हे सगळे परक्या देशातले आहे, आपल्याकडे काय, असे कोणी म्हणेल. आपल्याकडचे उदाहरण यापेक्षा कडू आहे. ऑगस्ट १९९०, हरियाणातले पंचकुला. चौदा वर्षांची एक टेनिस खेळाडू. तिचे नाव देशाला ठाऊक आहे, पण आम्ही ते उच्चारणार नाही. राज्याच्या लॉन टेनिस संघटनेचे अध्यक्ष एस. पी. एस. राठोड यांनी तिचा विनयभंग केला. हे राठोड त्या वेळी पोलीस महानिरीक्षक होते. वरिष्ठांच्या चौकशीत त्याच वर्षी गुन्हा नोंदवावा अशी शिफारस झाली. नोंदवला गेला नाही. मुलीला शाळेने काढून टाकले. तिच्या भावावर चोरीचे गुन्हे लागले, ज्यातून तो पुढे सुटला. १९९३ च्या अखेरीस मुलीने जीव दिला. उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला, आणि गुन्हा प्रत्यक्ष नोंदला गेला तो १९९९ च्या डिसेंबरात. त्याच वर्षी राठोड राज्याचे पोलीस महासंचालक झाले होते. २००९ मध्ये शिक्षा झाली, सहा महिने. अपिलात ती वाढून दीड वर्ष झाली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण शिक्षा भोगलेल्या मुदतीइतकी केली.

आता सांगा, १९९० ते १९९९ या नऊ वर्षांत संघटनेने आपल्या अध्यक्षांची पोलिसांकडून पडताळणी मागितली असती, तर दाखला कोणाच्या खात्याने दिला असता? जो माणूस तपासायचा, तोच तपासणाऱ्यांचा साहेब. कागदावर एक अक्षर आले नसते. सत्ता जिथे नोंदच होऊ देत नाही, तिथे नोंद तपासून काय हाती लागणार?

म्हणून आमच्या मते आपल्या देशातला महत्त्वाचा टप्पा २०१२ चा आहे. त्या वर्षी ‘पॉक्सो’ कायदा आला. त्यात अठरा वर्षांखालील सर्वांना संरक्षण आहे. ज्याच्यावर मुलाचा विश्वास किंवा ज्याचा मुलावर अधिकार आहे, त्याने केलेला गुन्हा अधिक गंभीर मानला आहे. इंग्लंडमध्ये संमतीचे वय सोळा, त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूंशी कोचने संबंध ठेवणे तिथे २०२२ पर्यंत या कारणाने गुन्हा ठरत नव्हते. त्या वर्षी कायदा बदलून शिक्षकांसारखेच प्रशिक्षकांनाही बंधन घातले. पण पॉक्सोतली आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद दुसरीच आहे. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळते, त्याने तो पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवलाच पाहिजे. न कळवणे हाच गुन्हा. आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्याचा गुन्हा दडवला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे.

मार्च २०२० मध्ये पॉक्सोचे नवे नियम आले. त्यात शाळा, पाळणाघरे यांच्याबरोबर क्रीडा अकादमींचे नाव स्पष्ट घेतले आहे. मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या अशा संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची, शिकवणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी, पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी करायची आहे. आणि ती एकदा नव्हे, ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा. म्हणजे आपल्या भागात उन्हाळी शिबिर चालते, पोहण्याचा वर्ग चालतो, क्रिकेटची अकादमी चालते, तिथे हा कागद मागणे ही पालकांची चिकित्सक खोड नव्हे. तो कायद्याने सांगितलेला भाग आहे.

तर मग मागायचा का? जरूर मागायचा. ज्याला शिक्षा झाली आहे तो पुन्हा मुलांच्या मैदानावर येऊ नये, एवढे काम हा कागद करतो, आणि ते लहान काम नाही. पण त्याला शेवटचा शब्द समजू नये. कागदाच्या पुढे आणखी चार गोष्टी विचाराव्यात. मुलाने तक्रार करायची तर कोणाकडे, आणि ती व्यक्ती कोचच्या हाताखालची नाही ना? बाहेरगावच्या स्पर्धेला मुले कोणाबरोबर जातात, खोलीत कोण झोपते? कोच मुलाशी फोनवर एकट्याने बोलतो का? आधीच्या संस्थेतून हा माणूस का गेला, हे कोणी प्रत्यक्ष फोन करून विचारले का? जुन्या संस्थेने बदनामी नको म्हणून गुपचूप राजीनामा घेतला आणि चांगले शिफारसपत्र दिले, तर त्या माणसाचा कागद तिनेच कोरा ठेवला असे होते.

आमची पिढी ‘गुरूची परीक्षा घेऊ नये’ असे शिकली. आमचे म्हणणे असे की, परीक्षेने खऱ्या गुरूचे काही जात नाही. आजच्या प्रशिक्षकांपैकी फार मोठा भाग प्रामाणिक आहे, पोटाला चिमटा काढून पोरे घडवणारा आहे. त्यांना पडताळणी हा अपमान वाटू नये. जी व्यवस्था सर्वांना सारखाच प्रश्न विचारते, ती कोणा एकावर संशय घेत नाही.

शेवटी एवढेच. पोलीस ठाण्यातला कारकून दाखल्यावर जे लिहितो, ते त्याने स्वतः शोधलेले नसते. कधीतरी एखाद्या मुलाने सांगितलेले, कोणा मोठ्याने ऐकलेले आणि नोंदवलेले, तेच तिथे उतरते. म्हणून पडताळणी पोलीस ठाण्यात सुरू होत नाही. संध्याकाळी मैदानावरून घरी आलेले पोर ‘मला उद्या जायचं नाही’ म्हणते, तेव्हा आपण ‘का रे?’ असे विचारून शांतपणे उत्तर ऐकतो की नाही, तिथे ती सुरू होते.

आता आपल्या प्रश्नांकडे वळू.